‘फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड’ पहिल्यांदा पाहताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही जपानी ॲनिमेशन मालिका (ॲनिमे) मी ओळखीच्या सगळ्यांना पाहायला सांगत असतो, त्यामुळे तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. कथेतली रहस्ये कुठेही फोडलेली नाहीत. सुरुवातीच्या भागांत जे उघड होते, जवळजवळ तेवढेच इथे सांगितले आहे.

१. एवढे नाव ऐकतोय, पण ही मालिका नक्की आहे तरी काय?

एडवर्ड आणि आल्फोन्स एल्रिक हे दोन भाऊ. वडील घर सोडून गेलेले, आई आजारपणात वारली. मुले किमयाशास्त्रात हुशार, म्हणून ती आईला परत आणायचा घाट घालतात. त्या शास्त्रात माणूस घडवायला सक्त मनाई आहे. प्रयोग फसतो. एडचा डावा पाय जातो आणि आलचे अख्खे शरीर नाहीसे होते. भावाचा आत्मा तरी वाचावा म्हणून एड उजवा हात देऊन तो एका पोकळ लोखंडी चिलखतात बांधतो. गमावलेले परत मिळवण्यासाठी दोघे घराबाहेर पडतात, आणि शोध घेता घेता देशाच्या कारभारातच काहीतरी भयंकर दडले आहे हे त्यांच्या ध्यानात येऊ लागते.

मूळ कथा हिरोमु अराकावा या चित्रकथाकार बाईंची. त्यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००१ ते २०१० अशी दरमहा छापून येत होती. तिची १०८ प्रकरणे आणि २७ खंड झाले. त्यावरची ही ६४ भागांची मालिका ‘बोन्स’ या स्टुडिओने केली, दिग्दर्शन यासुहिरो इरिए यांचे. जपानमध्ये ती एप्रिल २००९ ते जुलै २०१० या काळात दाखवली गेली.

२. मी आजवर एकही ॲनिमे पाहिलेले नाही. इथूनच सुरुवात केली तर चालेल?

चालेल, आणि माझे मत विचाराल तर इथूनच करा. कथेला सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे. शेकडो भाग लांबत जाणाऱ्या मालिकांची धास्ती नवख्यांना असते, इथे तसे काही नाही. आधीचे काही ठाऊक असावे लागत नाही. काळ साधारण १९१४ च्या सुमाराचा, प्रदेश युरोपसारखा पण काल्पनिक, त्यामुळे जपानी चालीरीती माहीत नसल्या तरी अडत नाही. सवय करून घ्यावी लागते ती फक्त एका गोष्टीची, तिच्याबद्दल प्रश्न ८ मध्ये लिहिले आहे.

३. याच नावाच्या दोन मालिका दिसतात. कोणती पाहू?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. पहिली मालिका २००३-०४ ची, ५१ भागांची, दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा. तेव्हा मांगा अजून बरीच लिहायची राहिली होती. म्हणून अराकावा यांनीच स्टुडिओला सांगितले की पुढची कथा आणि शेवट तुमचा तुम्ही करा. त्यामुळे सुरुवात सारखी आणि पुढे दोन वेगळ्या वाटा, असे झाले. पहिल्या मालिकेचा शेवट २००५ च्या चित्रपटात पुरा होतो. दुसरी, म्हणजे आपली, मांगेच्या मार्गाने जाते. मांगेचे शेवटचे प्रकरण जून २०१० मध्ये आले आणि मालिकेचा शेवटचा भाग ४ जुलैला लागला. दोघी जवळजवळ हातात हात घालून संपल्या.

पहिल्यांदा पाहणाऱ्याने दुसरी पाहावी असे मला ठामपणे वाटते. एका लेखिकेने नऊ वर्षे मनात धरून ठेवलेली गोष्ट तिच्याच शेवटापर्यंत जाते. पहिल्या प्रकरणात सहज टाकलेला दाणा पन्नास भागांनंतर उगवलेला दिसतो. २००३ ची मालिका कमअस्सल नाही, जास्त उदास आहे. ती नंतर सवडीने पाहा.

ओळखायची खूण सोपी आहे. जपानमध्ये दोन्हींचे नाव एकच आहे, ‘ब्रदरहुड’ हा शब्द परदेशी प्रेक्षकांसाठी जोडलेला. ओटीटी मंचावर मालिका उघडलीत की भाग मोजा. ५१ असतील तर जुनी, ६४ असतील तर ही.

४. २००३ ची मालिका मी अर्धी पाहिली आहे. आता ही जिथून सोडली तिथूनच पुढे पाहू का?

नको, पहिल्या भागापासूनच पाहा. नावे आणि चेहरे तेच असले तरी काही पात्रांचे मूळ, त्यांची नाती, खलनायकांचा जन्म हे सगळे वेगळे आहे. जुन्या मालिकेतले ज्ञान इथे लावायला जाल तर गोंधळ उडेल. मात्र तुमचा एक फायदा आहे. ही मालिका सुरुवातीचे काही प्रसंग भरभर उरकते किंवा गाळते, कारण ते आधीच्या मालिकेत सविस्तर येऊन गेले होते. यूसवेल या खाणगावाची गोष्ट त्यातलीच. ती तुम्ही पाहिलेली असेल.

५. पहिला भाग डोक्यावरून गेला. माझेच काही चुकतेय का?

तुमचे काही चुकत नाही. पहिला भाग मांगेत नाहीच, तो मालिकेसाठी वेगळा रचलेला आहे. राजधानीत एक बंडखोर किमयागार घुसतो आणि त्याला पकडायच्या निमित्ताने दहा-बारा पात्रे एकामागून एक समोर आणली जातात. आधीच्या मालिकेचे चाहते जुनी मंडळी पाहून खूश झाले असतील. नव्या माणसाला ते दुसऱ्याच्या लग्नात शिरल्यासारखे वाटते.

नावे पाठ करत बसू नका. चिलखतातला तो धाकटा भाऊ आणि बुटका, चिडका तो थोरला, एवढे कळले तरी पुरे. खरी कथा दुसऱ्या भागात सुरू होते. तो भाग मात्र फोन बाजूला ठेवून पाहा.

६. ‘अल्केमी’ म्हणजे जादूच ना?

जादू नव्हे, आणि हे मराठी माणसाला पटकन कळायला हवे, कारण आपल्याकडे तिच्यासाठी नेमका शब्द आहे. किमया हा शब्द अरबीतल्या ‘अल्-किमिया’मधून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि तिकडून युरोपात गेलेल्या त्याच शब्दाची अल्केमी झाली. आपण आज ‘ही तर त्याच्या बोटांची किमया’ असे म्हणतो तेव्हा चमत्कार मनात असतो. मूळ अर्थ हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या असा होता. मालिकेतला एडवर्ड हा शब्दशः किमयागार आहे.

या किमयेला नियम आहेत. वस्तू कशाची आहे ते जाणायचे, मग ती मोडायची, मग नव्याने घडवायची, या तीन पायऱ्या. आणि सगळ्यांवर एक कायदा : जेवढे घ्यायचे तेवढ्या मोलाचे द्यावे लागते. एक किलोच्या ढिगातून एक किलोचीच वस्तू होते, पाण्यातून पाण्याच्या गुणाचेच काही होते.

दोघे भाऊ आईसाठी जमवतात ते सामान मुद्दाम पूर्ण देतो. पाणी ३५ लिटर, कार्बन २० किलो, अमोनिया ४ लिटर, चुना दीड किलो, फॉस्फरस ८०० ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम, सोरा १०० ग्रॅम, गंधक ८० ग्रॅम, फ्लोरिन साडेसात ग्रॅम, लोखंड ५ ग्रॅम, सिलिकॉन ३ ग्रॅम आणि आणखी १५ मूलद्रव्ये चिमूट चिमूट. एका प्रौढ माणसाचे शरीर. एड म्हणतो, एवढे सगळे तर लहान पोरालाही खाऊच्या पैशात बाजारातून आणता येईल. वाण्याच्या यादीसारखी ही यादी ऐकताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. सगळे सामान बरोबर आहे, वजनेही बरोबर आहेत, आणि आई त्या यादीत कुठेच नाही.

७. कथेतला ‘फिलॉसॉफर्स स्टोन’ म्हणजे आपला परीस का?

कामाने तसाच. जवळ असला की देवाणघेवाणीचा कायदा बाजूला सारता येतो अशी त्याची ख्याती, म्हणून भावांना तो हवा असतो. पण आपल्या अभंगांतल्या परिसाला लोखंड नुसते लागले की सोने होते, परिसाचे काही झिजत नाही आणि कुणाला काही भरावे लागत नाही. मालिकेतल्या दगडाची गोष्ट तशी नाही. तो कसा तयार होतो हे तुम्हाला भावांबरोबरच कळायला हवे, म्हणून इथे थांबतो.

८. इतक्या गंभीर प्रसंगात मध्येच चेहरे गोळ्यासारखे होतात, आरडाओरडा सुरू होतो. हे काय आहे?

हीच ती सवय करून घ्यायची गोष्ट. विनोदाच्या क्षणी पात्रे लहान, गोल, चार रेघांची काढायची ही मांगातली जुनी पद्धत आहे. एडला कुणी वाटाण्याएवढा म्हटले की तो आकाशपाताळ एक करतो, त्या वेळी हे हमखास होते. पहिल्या पाच-सहा भागांत खटकते, हे मी मान्य करतो.

पण अराकावा यांच्या लिहिण्यात हसणे वरून शिंपडलेले नाही. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावर, तोकाची भागात, दुभत्या जनावरांच्या शेतावर त्या वाढल्या. चित्रकार व्हायला टोकियोला जाण्यापूर्वी सात वर्षे त्यांनी शेतावर काम केले. स्वतःचे चित्र त्या चष्मा घातलेली गाय म्हणून काढतात. गोठ्यात वासरू जन्मते त्याच आठवड्यात दुसरे जनावर जाते, आणि धारा दोन्ही दिवशी काढाव्याच लागतात. या कथेत रडणे आणि हसणे इतके लागून येते ते त्या घरातून आले आहे असे मला वाटते. काम करील तो खाईल, ही त्यांच्या घरची शिकवण मालिकेत जागोजाग भेटते.

९. मुलांना दाखवू का?

माझे उत्तर : तेरा-चौदा वर्षांच्या पुढे, आणि सुरुवातीचे भाग बरोबर बसून. जपानमध्ये ही मालिका रविवारी संध्याकाळी पाच वाजता लागत असे, मांगाही किशोरांच्या मासिकातली. त्यावरून ती लहान मुलांची समजू नका. रक्त आहे, तुटलेले अवयव आहेत, युद्धातली कत्तल आहे, आणि लहानग्यांचे हालही आहेत. अश्लील काही नाही. संवेदनशील मुलाला चौथा भाग एकट्याने पाहू देऊ नका, त्याचे कारण पुढच्या प्रश्नात.

१०. चौथा भाग पाहिला आणि बंद केली. पुढेही असेच आहे का?

अशी माणसे मला दरवर्षी भेटतात, आणि त्यांची काही चूक आहे असे मी म्हणणार नाही. त्या भागातला धक्का मुद्दामच तसा ठेवला आहे. विद्येपायी माणूस घरातल्या माणसाकडे कच्चा माल म्हणून पाहू लागतो तेव्हा काय होते, ते तिथे दिसते. भावांचा आपल्या शास्त्रावरचा भाबडा विश्वास तिथे मोडतो.

पुढेही दुःख आहे, पण त्या जातीचे, इतके निराधार करणारे, क्वचितच. मालिका तो प्रसंग विसरत नाही, पात्रे शेवटपर्यंत त्याची आठवण बाळगतात. आठवडाभर थांबा आणि पाचवा भाग लावा. निदान दहाव्या भागापर्यंत या. तिथवर येऊनही मन लागले नाही तर खुशाल सोडा, प्रत्येकाला रुचलीच पाहिजे असे कुठे आहे.

११. इश्वालचे युद्ध म्हणजे नक्की काय? कुठल्या खऱ्या युद्धावर आहे का?

इश्वाल हा कथेतल्या देशाचा एक प्रांत. तिथे १९०१ साली एक सैनिक इश्वाली मुलावर गोळी झाडतो. त्यातून बंड उसळते, सात वर्षे धुमसते, आणि शेवटी सरकार आपले किमयागार त्या प्रांतावर सोडते. तुम्हाला आवडू लागलेली कितीतरी माणसे, मस्टँग, हॉकआय, ह्यूज हे लष्करी अधिकारी, त्या कत्तलीत हत्यार घेऊन उभी होती. तिसावा भाग जवळजवळ सगळा त्यावर आहे आणि मालिकेतला तो माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आम्हाला हुकूम होता, ही सबब तिथे कुणी पुढे करत नाही.

हे एकाच खऱ्या युद्धाचे रूपक नाही. लिहिण्याआधी अराकावा युद्धात लढलेल्यांशी आणि निर्वासितांशी बोलल्या होत्या. होक्काइडो ही मुळात आयनू लोकांची भूमी, जपानी शेतकरी तिथे नंतर वसले. ज्या मातीत त्या वाढल्या तिचा हा इतिहास माहीत असला की इश्वाल वेगळे दिसू लागते.

१२. होमुंक्युलस, म्हणजे कथेतले किमयेने घडवलेले शत्रू, सात आहेत. त्यांची नावे अशी का?

ख्रिस्ती परंपरेतल्या सात महापापांवरून : वासना, अधाशीपणा, मत्सर, लोभ, क्रोध, आळस, गर्व. आपल्या षड्रिपूंशी ताडून पाहा. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर हे पाच जुळतात. आळस आणि अधाशीपणा आपल्या यादीत नाहीत, आणि आपला मोह त्यांच्या यादीत नाही. मला नेहमी वाटते की तो मोह मालिकेत आहेच, फक्त शत्रूच्या बाजूला नाही. गेलेली आई परत हवी हा मोहच होता.

कोणते नाव कुणाला आहे ते मात्र आधी शोधू नका. प्रश्न १६ पाहा.

१३. जपानी आवाजात पाहू की इंग्रजी?

खालची इंग्रजी उपशीर्षके वाचत पाहायला जमत असेल तर जपानी. एडला रोमी पाक आणि आलला रिए कुगिमिया यांचा आवाज आहे, दोघीही स्त्रिया, आणि २००३ च्या मालिकेतही याच दोघी होत्या. एवढ्या मोठ्या चिलखतातून येणारा आलचा कोवळा आवाज ऐकला की आत चौदा वर्षांचे पोर आहे हे विसरताच येत नाही. इंग्रजी आवाजही चांगले आहेत, त्यात पाहिलीत तर काही गमावले असे वाटून घेऊ नका. फक्त मध्येच भाषा बदलू नका.

१४. एकूण किती वेळ लागेल? सलग पाहू का?

एक भाग साधारण २४ मिनिटांचा, म्हणजे सगळे मिळून साडेपंचवीस तास. रोज दोन भाग पाहिलेत तर ३२ दिवसांत संपते आणि हीच चाल मला योग्य वाटते. पहिले तीसेक भाग दमाने पाहा. चाळिशी ओलांडली की कुणाचेच ऐकले जात नाही, तेव्हा ते शनिवार-रविवारसाठी राखून ठेवा.

१५. कुठले भाग गाळता येतील? चित्रपट, जादा भाग यांचे काय?

भरीचे भाग जवळजवळ नाहीतच. २७ वा तेवढा उजळणीचा आहे, मागची दृश्ये पुन्हा दाखवणारा. घाई असेल तर सोडा. मी पाहतो, कारण त्यात भावांच्या वडिलांचा, होहेनहाइमचा, एकटेपणा नीट भेटतो. गाणी गाळली तरी चालतील, पण शेवटच्या भागात नावे सरकत असताना उठू नका. तिथे छायाचित्रे दिसतात आणि ती कथेचाच भाग आहेत.

चार छोटे जादा भाग आणि २०११ चा एक चित्रपट आहे. सगळे मालिका संपल्यावर. एका जादा भागात मस्टँग आणि ह्यूज यांचे तरुणपण आहे, तो चुकवू नका. माणसे घेऊन केलेले तीन चित्रपटही आहेत, एक २०१७ चा, दोन २०२२ चे. ते पहिल्यांदा पाहणाऱ्याने बाजूलाच ठेवावेत.

१६. स्पॉइलरपासून, म्हणजे आधीच रहस्य फुटण्यापासून, कसे वाचू?

एकच नियम पाळा : मालिका संपेपर्यंत कुठल्याही पात्राचे नाव शोधायचे नाही. नाव टंकताच पुढे सुचवले जाणारे शब्दच घात करतात. छोट्या चित्रफितींचे मुखपृष्ठही तसेच. एखादे पात्र कोण होते ते आठवेना, तर आधी पाहिलेल्या मित्राला विचारा.

एक आकडा मात्र चाहते उघडपणे मिरवतात, ३ ऑक्टोबर. एडच्या खिशातल्या चांदीच्या घड्याळाच्या झाकणात आतून कोरलेले आहे, ‘विसरू नकोस, ३ ऑक्टोबर ११’. अक्षरे लहान मुलाने चाकूने खरवडावीत तशी वेडीवाकडी. त्या दिवशी काय झाले ते मालिकेतच कळू द्या. दर ऑक्टोबरमध्ये लोक त्या तारखेची आठवण का काढतात, हे मग आपोआप समजेल.

१७. संपल्यावर मांगा वाचण्यात अर्थ आहे का?

आहे, विशेषतः पहिले काही खंड, कारण मालिकेने घाई केली ती तिथेच (प्रश्न ४). इंग्रजी अनुवादात सगळे २७ खंड मिळतात. चित्र काढणाऱ्यांनी तर वाचावीच. अराकावा यांच्या पात्रांना खांदे असतात, मनगटे असतात, काम करणाऱ्या माणसांसारखी.

१८. आईला दाखवायची आहे, पण तिला इंग्रजी वाचता येत नाही. काय करू?

वाचून दाखवा. मी तेच केले. जेवणे झाल्यावर आई मेथी निवडायला बसायची आणि मी एकेक ओळ मराठीत सांगत जायचो. अवघड ठिकाणी थांबवायचे, दोन वाक्यांत समजावायचे, पुढे जायचे. २४ मिनिटांचा भाग चाळीस मिनिटे चालायचा. नावे तिने पहिल्याच आठवड्यात बदलून टाकली, एड ‘मोठा’, आल ‘धाकटा’, भावांची गुरू इझुमी ‘मास्तरीण’. त्याने काही बिघडत नाही, नाती कळली की झाले. लढायांत बोलणे कमी असते, तिथे तुम्हालाही विश्रांती मिळते.

चिलखतातल्या आलला भूक नाही, झोप नाही, चव नाही. शरीर परत मिळाले की काय काय खायचे याची तो यादी करून ठेवतो, आणि भावांची बालमैत्रीण विन्री ही ह्यूजच्या बायकोकडून ‘ॲपल पाय’ हा सफरचंदाचा गोड पदार्थ करायला शिकून येते तेव्हा तोही त्या यादीत जातो. हे मी वाचून दाखवले तेव्हा आईने हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाली, “एवढी वर्षं उपाशी असलेल्या पोटाला एकदम गोडाधोडाचं देऊ नये. आधी चार दिवस पेज द्या म्हणावं त्याला.”